२० टक्क्यांची अट गेली. घरांची तपासणी आता कोण करणार?

६४० पौंड. वायव्य लंडनमधल्या ब्रेंट पालिकेने २०२३ मध्ये घरमालकांसाठी परवाना सक्तीचा केला, तेव्हाचे हे शुल्क. परवाना पाच वर्षांचा, म्हणजे महिन्याला ११ पौंडही पडत नाहीत. परवान्याशिवाय घर भाड्याने दिले तर दंड मात्र तेव्हा ३०,००० पौंडांपर्यंत होता, म्हणजे शुल्काच्या जवळजवळ ४७ पट. ऑगस्ट २०२३ मध्ये ज्या तीन प्रभागांपासून सुरुवात झाली, त्यांत डॉलिस हिल होता. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच परिसरात आहे. एप्रिल २०२४ पासून वेम्बली पार्क सोडून उरलेले सगळे प्रभागही योजनेत आले.

ही व्यवस्था २००४ च्या गृहनिर्माण कायद्यातली. पालिका एखादा भाग ठरवते आणि तिथल्या खासगी घरमालकांना परवाना घ्यावाच लागतो. परवान्याच्या अटी साध्या आहेत: गॅसच्या उपकरणांचे दरवर्षी सुरक्षा-प्रमाणपत्र, धुराची सूचना देणारे अलार्म, विजेची सुरक्षित उपकरणे, भाडेकरूच्या हातात लेखी करार. भाडे किती असावे, यात मात्र परवान्याला काडीचाही अधिकार नाही. महागाईवरचा हा उपाय नव्हे, आणि तसा तो विकूही नये.

गरज का पडली, ते आकडेच सांगतात. इंग्लंडमध्ये सुमारे ४६ लाख कुटुंबे, म्हणजे साधारण पाचातले एक कुटुंब, खासगी मालकाच्या घरात भाड्याने राहते. २०२२ च्या सरकारी पाहणीत अशा घरांपैकी २१ टक्के घरे राहण्याजोग्या घराच्या सरकारी निकषात बसली नाहीत. पालिका आणि गृहसंस्थांच्या घरांत हेच प्रमाण १० टक्के होते. खासगी मालकाला जास्त भाडे मोजून निकृष्ट घर मिळण्याची शक्यता दुप्पट!

तक्रार करा, असे म्हणणे सोपे आहे. भिंतीला ओल आली, कपाटामागे काळी बुरशी धरली, तर कळवावे कोणाला? १९८८ च्या कायद्यातल्या कलम २१ नुसार मालक कोणतेही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर रिकामे करून घेऊ शकत असे. म्हणून लोक गप्प बसत. २०१५ मध्ये काही संरक्षण आले, पण त्यासाठीही आधी पालिकेने मालकावर नोटीस बजावलेली असावी लागे. तक्रारीवर चालणारी यंत्रणा इथेच लंगडी पडते. परवाना असला की भाडेकरूने तोंड उघडायची वाट न पाहता पालिकेचा निरीक्षक तपासणीला जाऊ शकतो. माझ्या मते या योजनेचे खरे मोल एवढ्या एका गोष्टीत आहे.

पूर्व लंडनमधल्या न्यूहॅमने जानेवारी २०१३ मध्ये हे पहिल्यांदा अख्ख्या हद्दीत लागू केले. एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने पाचर मारली: योजना पालिकेच्या २० टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर किंवा तिथल्या २० टक्क्यांहून जास्त भाड्याच्या घरांवर लागू होणार असेल, तर मंत्र्यांची मंजुरी हवी. समजा, एका पालिकेत भाड्याची ३०,००० घरे आहेत. ६,००० च्या पुढे गेले की निर्णय मंत्रालयाच्या टेबलावर. लिव्हरपूलने २०१५ ते २०२० शहरभर परवाने दिले. मुदत संपताना पुन्हा मंजुरी मागितली, ती नाकारली गेली. एप्रिल २०२२ मध्ये योजना परतली, तीही फक्त १६ प्रभागांत. मधली दोन वर्षे हकनाक गेली. शिवाय २०१९ मध्ये सरकारनेच करून घेतलेल्या स्वतंत्र आढाव्यात ही योजना परिणामकारक ठरू शकते, असे नोंदवलेले होते.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ही मंजुरीची अट काढून टाकली. किमान १० आठवडे लोकांची मते मागवणे आणि योजनेची गरज पुराव्यानिशी दाखवणे पालिकेला अजूनही बंधनकारक आहे. अट काढण्याचा निर्णय स्वागतार्हच आहे. शहरातली कुठली गल्ली ओलीने कुजते आहे, हे मंत्रालयापेक्षा पालिकेला जास्त ठाऊक असते.

पण परवानगी मिळाली म्हणून निरीक्षक मिळत नाहीत. घर तपासताना एकूण २९ प्रकारचे धोके पाहिले जातात. त्यांत ओल आणि थंडीपासून पडझडीपर्यंत सगळे येते, आणि त्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो. परवान्याचे शुल्क योजनेवरच खर्च करावे लागते, पालिकेला त्यातून इतर कामे करता येत नाहीत. त्यामुळे शुल्क घेतले, कागद दिला आणि घरात कोणी पाऊलच टाकले नाही, तर घरमालकांची ‘हा नुसता कर आहे’ ही ओरड खरी ठरेल.

२०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने कलम २१ रद्द केले. त्याची तारीख ठरली १ मे २०२६. घरमालकांची देशव्यापी नोंदणीही येणार आहे. मग स्थानिक परवाना कशाला, असे मालकांच्या संघटना विचारतात. नोंदणीने मालक कोण ते कळेल; छत गळते का, ते घरात गेल्याशिवाय कळणार नाही.

परवाना नसलेल्या घराच्या भाडेकरूला १२ महिन्यांपर्यंतचे भाडे परत मागता येत होते. नव्या कायद्याने ही मर्यादा २४ महिन्यांवर नेली. परवान्यांची नोंदवही पालिकेने सर्वांसाठी खुली ठेवावी, असे कायदाच सांगतो. शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या मराठी मुलामुलींनी अनामत भरण्यापूर्वी त्यात आपल्या घराचा पत्ता जरूर शोधावा.