माळेगावच्या बोलण्यातले पोर्तुगीज शब्द

मैत्रीला पोर्तुगीजमध्ये 'अमिझादे' म्हणतात. हा शब्द मराठीत रुजला नाही. आपली 'दोस्ती' फारसीतून आली. पोर्तुगीजांकडून आले ते मुख्यतः कामाचे आणि जिनसांचे शब्द. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, पुढे वसई-चौलही त्यांच्याकडे होते. किनाऱ्यावरचे शब्द घाट चढून देशावर पोचले. तिथल्या माळेगाव बुद्रुक या गावातली रोजची वाक्ये पाहावीत: 'कारखान्याचा पगार झाला', 'आज गुळाचा लिलाव हाय', 'मिस्त्री, घमेलं घ्या', 'चावी बादलीजवळ ठिवली'. लिलावाचे मूळ 'लैलांव', घमेल्याचे 'गामेला', मिस्त्रीचे 'मेस्त्र'. पगाराची गोष्ट सर्वांत सुरेख: 'पागार' हे मूळ क्रियापद, अर्थ पैसे चुकते करणे. मराठीने त्याचे नाम केले आणि महिन्याच्या कमाईला दिले.