संमिश्र पानाचा इशारा

रायपूरच्या बूढापारा वस्तीत, बूढा तलावाजवळच्या एखाद्या इंटरनेटच्या दुकानात मुक्त विद्यालयाचा एक परीक्षार्थी प्रवेशअर्ज भरत आहे, असे समजू. पत्ता, जन्मतारीख, बँक खात्याचा क्रमांक असा सारा तपशील लिहून होतो. तेवढ्यात, हे पान पूर्णतः सुरक्षित नाही, असा इशारा पडद्यावर येतो. घाईत तो न वाचताच बाजूला सारण्याचा मोह होतो.

हा इशारा समजण्यासाठी पान पडद्यावर कसे येते, हे पाहावे लागते. डोळ्यांना ते एकसंध दिसते. प्रत्यक्षात मजकूर, चित्रे आणि पानाकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञावल्या वेगवेगळ्या मागवल्या जातात, पुष्कळदा निरनिराळ्या संगणकांवरून. ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून आलेला भाग पाकीटबंद पत्रासारखा असतो. नुसत्या ‘एचटीटीपी’ने आलेला भाग म्हणजे पोस्टकार्ड. ते वाटेत कोणालाही वाचता येते, आणि त्यात दोन ओळी वाढवताही येतात. पाकीटबंद पानात असे उघडे भाग मिसळले, की त्याला संमिश्र मजकूर म्हणतात.

सर्व भाग सारखेच घातक नसतात. चित्र बदलले गेले, तर खोटे चित्र दिसेल. अर्थात शुल्काचा आकडाच चित्रात असेल, तर तेही क्षुल्लक नव्हे. परंतु आज्ञावली बदलली गेली, तर ती अर्जातील अक्षर न् अक्षर टिपून भलतीकडे पाठवू शकते. म्हणूनच २०१३ मध्ये फायरफॉक्सच्या २३व्या आवृत्तीने उघड्या वाटेने येणाऱ्या आज्ञावल्या आपोआप अडवण्यास प्रारंभ केला.

त्यापूर्वी निर्णय वाचकावरच सोपवलेला असे. ‘असुरक्षित भागही दाखवायचे काय?’ अशा अर्थाचा प्रश्न इंटरनेट एक्स्प्लोरर विचारी. तेथे ‘होय’ म्हणणे धोक्याचे होते. २००९ मधील आठव्या आवृत्तीत प्रश्न उलटला : ‘केवळ सुरक्षितपणे आलेला मजकूरच पाहायचा काय?’ आता ‘होय’ हेच सुरक्षित उत्तर ठरले. सवयीने बटण दाबणाऱ्याची यात फसगत होणे साहजिकच होते.

सर्वांत महत्त्वाचा इशारा अर्ज पाठवतानाचा. पान पाकीटबंद असले, तरी भरलेला अर्ज उघड्या वाटेने जाणार असू शकतो. २०२० पासून क्रोम अशा वेळी थांबवून तसे स्पष्ट सांगतो. तेव्हा ‘तरीही पाठवा’ हा पर्याय न निवडता मागे फिरावे आणि संबंधित कार्यालयाला कळवावे. हा दोष त्या संकेतस्थळाचा असतो. दुकानातील संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्याने तो जात नाही.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाचा अर्थही मर्यादित होता. वाट बंदिस्त आहे, एवढेच ते सांगे. पलीकडे बसलेला मनुष्य प्रामाणिक आहे, असे नव्हे. फसवे संकेतस्थळही ते चिन्ह मिळवू शकते. हा गैरसमज फार पसरल्यामुळे क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलूप काढून तेथे दुसरे चिन्ह ठेवले.