यंत्राचे उत्तर आणि तत्त्वज्ञाचा प्रश्न

“मुलगी अभियांत्रिकीची पदवीधर झाली आणि आता तत्त्वज्ञानात पीएच्.डी. करावयाचे म्हणते, ह्यात अर्थ काय?” असा प्रश्न एका परिचित गृहस्थांनी मध्यंतरी आम्हांस मोठ्या काळजीने विचारला. मुलीने निवडलेला विषय होता कृत्रिम बुद्धिमत्ता आणि विज्ञान यांचे तत्त्वज्ञान. बापाची काळजी अनाठायी नव्हती. परंतु हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही. म्हणून त्यांना जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

यंत्र विचार करू शकेल काय, ह्या प्रश्नाची चर्चा ॲलन ट्यूरिंग ह्या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली ‘माइंड’ ह्या नियतकालिकात केली. ते नियतकालिक तत्त्वज्ञानाचे होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या काळी हा प्रश्न बराचसा कल्पनेतला होता. आज यंत्र रोगाचे निदान सुचविते, कर्जाच्या अर्जावर मत देते आणि प्रयोगशाळेत शास्त्रज्ञाच्या शेजारी बसते. त्यामुळे प्रश्नाचा रोख पालटला आहे. यंत्राला मन आहे काय, ह्याहून त्याच्या उत्तरावर आपण कशाच्या आधारे विश्वास ठेवावा, हे ठरविणे अधिक निकडीचे झाले आहे.

एक घडलेले उदाहरण घेऊ. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत काही संशोधकांनी न्यूमोनियाच्या रुग्णांची माहिती संगणकास शिकविली. कोणत्या रुग्णास रुग्णालयात ठेवावे आणि कोणास औषध देऊन घरी पाठवावे, हे त्यावरून ठरवावयाचे होते. निरनिराळ्या पद्धती वापरून पाहिल्या. त्यांपैकी नियम उघड मांडणाऱ्या एका पद्धतीने असा नियम काढला की, दमा असलेल्या रुग्णास न्यूमोनियाने मृत्यू येण्याचा धोका कमी असतो! कोणताही वैद्य हे ऐकून चपापेल. परंतु संगणकाने आकडे चुकविले नव्हते. दमेकऱ्यास न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला तडक अतिदक्षता विभागात नेत, त्याच्यावर कसून उपचार करीत, आणि म्हणून तो वाचे. हा नियम प्रमाण मानून दमेकऱ्यास घरी पाठविले असते, तर त्याच्या जिवावरच बेतले असते. सर्वांत अचूक ठरलेली पद्धत मात्र निराळीच होती. तिच्या पोटात काय चालले आहे ते कोणास दिसत नव्हते. असे आणखी किती नियम तिच्यात दडले असतील, ह्या शंकेने संशोधकांनी ती रुग्णांसाठी वापरली नाही.

आपल्याकडील न्यायशास्त्राच्या अभ्यासकास ही चूक ओळखीची वाटेल. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. पण ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे म्हणता येत नाही. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघावयास इंधन ओले असावे लागते. अशा लपलेल्या अटीस नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. दमा आणि जिवाचा बचाव यांच्यामध्ये अतिदक्षता विभागाची अशीच उपाधी लपली होती. आकड्यांच्या राशीतून ती हुडकावी कशी, हा आजच्या पीएच्.डी.चा खराखुरा विषय आहे. आणि ज्याने न्यायशास्त्र वाचले आहे त्याने त्यात परका वाटून घेण्याचे कारण नाही.

आता याच्या उलट बाजू पाहा. प्रथिनाची साखळी दुमडून कोणता आकार घेईल, हे सांगणे जीवशास्त्रात फार अवघड मानले जाई. ‘अल्फाफोल्ड’ ह्या प्रणालीने २०२० साली ते विलक्षण अचूकपणे करून दाखविले. तिच्या निर्मात्यांपैकी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर हे २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे वाटेकरी झाले. येथे उत्तर बहुधा बरोबर येते. पण साखळी टप्प्याटप्प्याने कशी दुमडत जाते, हे त्या उत्तरातून उलगडत नाही. मग विज्ञानाचे काम भाकीत करणे की कारण सांगणे? १९७६ साली ॲपल आणि हाकेन यांनी नकाशाला चार रंग पुरतात हे संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले, तेव्हाही जी सिद्धता माणूस स्वतः तपासू शकत नाही तिला सिद्धता म्हणावे काय, असा वाद उठला होता. तो वाद आता गणितापुरता उरलेला नाही.

असे संशोधन करावयाचे कोठे? पिट्सबर्ग, केंब्रिज, म्यूनिक येथील विद्यापीठांत ह्या विषयाचे अभ्यासक आहेत. जर्मनी व नेदरलँड्स येथे पीएच्.डी.च्या पुष्कळ जागा पगारी असतात. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.त तत्त्वज्ञानात पीएच्.डी. करता येते. तत्त्वज्ञान हा ‘नेट’ परीक्षेचाही विषय असून, तीत कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळू लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच्.डी.स किमान तीन वर्षे द्यावी लागतात. पुढे प्राध्यापकाच्या जागा थोड्या असतात, हेही लपविण्यात अर्थ नाही.

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक आधी पाहावा, असे आमचे मत आहे. एखादे तरी विज्ञान हाताने केलेले असावे. आणि ‘यंत्र आणि मानव’ असला ऐसपैस विषय न घेता एक लहान, नेमका प्रश्न घ्यावा.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सुचविले: कोणत्या प्रश्नासाठी ती इतकी वर्षे देणार आहे, हे मुलीस आपल्या घरच्या मराठीत सांगावयास लावा. तुम्हांस ते कळले, तर तिला जाऊ द्या. उद्या आपल्या गावच्या रुग्णालयातही असे यंत्र येऊन बसेल, आणि ते कोणास घरी पाठवा म्हणाले, तर “कशावरून?” हे विचारावयास शिकलेले माणूस तेथे असणे फार गरजेचे आहे.