शुश्रूषा करणारांचें मन : प्लेगच्या साधनांविषयीं कांहीं विचार

प्लेगच्या साथीसंबंधानें जीं कागदपत्रें व छापील अहवाल संग्राहकांच्या हातीं येतात, त्यांत मेलेल्यांची गणना असते, धुतलेल्या घरांची असते, झालेल्या खर्चाचीही असते. ज्यांनीं रोग्यांच्या उशापाशीं रात्री काढल्या त्या वैद्य, परिचारिका, डोलीवाले व झाडूवाले यांच्या मनाची काय अवस्था झाली याचा उल्लेख मात्र क्वचित्‌ सांपडतो. आणि सांपडला तरी प्रशंसेच्या एखाद्या ठराविक वाक्यांत तो संपून जातो. ही अवस्था उपलब्ध साधनांवरून कितपत कळूं शकते, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

हा विषय मानसशास्त्राचा, इतिहाससंशोधकाचा नव्हे, असें कोणी म्हणेल. आमचें मत तसें नाहीं. इ. स. २०२० च्या आरंभीं कोविडची साथ चालू असतां चीनमधील ३४ रुग्णालयांतील १२५७ वैद्यांस व परिचारिकांस प्रश्न विचारण्यांत आले. त्यांपैकीं निम्म्याहून किंचित्‌ अधिकांत विषण्णतेचीं, शेंकडा सुमारें ४५ जणांत चिंतेचीं व ३४ जणांत निद्रानाशाचीं लक्षणें आढळलीं. मुंबईच्या प्लेगांत असे प्रश्न कोणीं विचारले नाहींत. परंतु मनुष्याचें मन सव्वाशें वर्षांत पालटलें असें मानण्यास आधार नाहीं. तेव्हांचें उत्तर दुसऱ्याच सदराखालीं नोंदलें गेलें आहे, आणि तें सदर ओळखणें हें आमच्यासारख्या कागद चाळणारांचेंच काम आहे.

प्राचीन ग्रंथकारांस हा प्रश्न अगदींच अपरिचित होता असें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, त्यांत परिचारक हा एक आहे. आणि त्याच्या गुणांत शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता व शुचिता यांच्याबरोबर अनुराग हाही गुण गणला आहे. रोग्याविषयीं ममता ही तेथें शोभेची वस्तु नसून औषधाच्या पंक्तीस बसविलेली आहे. त्याच अध्यायांत वैद्याच्या वृत्ति चार सांगितल्या आहेत. मैत्री, पीडितांविषयीं करुणा, साध्य रोग्याविषयीं प्रीति, आणि जो मरणाच्या वाटेस लागला त्याच्याविषयीं उपेक्षा. येथें उपेक्षा म्हणजे हेळसांड नव्हे. आपला उपाय संपला हें ओळखून मन आवरून घेणें, असा अर्थ आम्ही करतों. ही व्यवस्था शंभरांत पांचदहा रोगी असाध्य असतां चालते. जेथें बहुतेक खाटांवर असाध्यच रोगी, तेथें वैद्यानें अनुराग ठेवावा तरी मन फाटतें आणि उपेक्षा धरावी तरी तें दगड होतें. जनपदोध्वंसाचें प्रकरण त्याच संहितेच्या विमानस्थानांत आहे. परंतु वायु, जल, देश व काल यांच्या विकृतीचा तेथें जो विचार आहे त्यांत परिचारकाच्या या पेचाला जागा मिळालेली नाहीं.

यूरोपांत हा पेच स्वतःच्या तोंडानें सांगणारा एक जुना साक्षीदार आहे. गी द शोलियाक हा आव्हिन्यों येथें पोपचा वैद्य होता. १३४८ च्या महामारींत आपण पळून गेलों नाहीं तें केवळ दुष्कीर्तीच्या भयानें, आणि राहिलों तरी भय क्षणभरही सुटलें नाहीं, असें त्यानें आपल्या शस्त्रवैद्यकाच्या ग्रंथांत नमूद केलें आहे. पुढें त्यालाही गांठ आली, परंतु तो वांचला. या कबुलीची किंमत आम्हांस फार वाटते. शौर्याचीं वर्णनें हवीं तितकीं मिळतात. लज्जा व भय हीं दोन्ही एका माणसाच्या मनांत एका वेळीं कशीं राहतात, हें सांगणारा लेखक विरळा.

आतां मुंबईकडे वळूं. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं मांडवी भागांत डॉ. अकासियु व्हिएगस यांनीं या रोगाचें निदान केलें. पुढच्याच महिन्यांत रोग्यांस सक्तीनें रुग्णालयांत नेण्याचा हुकूम झाला, आणि लोकांचा सर्व रोष रुग्णालयांवर उसळला. रुग्णालयांत माणसें मारून त्यांच्या देहांतून मोमियाई काढतात, अशा वदंता पसरल्या. २९ आक्टोबर रोजीं सुमारें एक हजार गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोकांच्या बाजूनें पाहतां हा क्षोभ समजण्याजोगा होता. घरच्या माणसास परके लोक उचलून नेतात व तो परत येत नाहीं, एवढेंच त्यांना दिसत होतें. परंतु आंतल्या माणसांचा विचार करावा. उपाय हातीं नाहीं, रोग आपणांस जडण्याची भीति आहे, आणि ज्यांच्यासाठीं राबावयाचें तेच आपणांस खुनी समजतात. उपायाच्या अभावाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. हाफकीन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस टोंचून घेतलेली लस ही रोग होऊं नये म्हणून होती, झालेला रोग बरा करण्यास ती उपयोगी नव्हती. आणि येर्सें यांनीं त्याच वर्षीं मुंबईस आणलेल्या रक्तद्रवानेंही निराशाच पदरीं पडली.

त्याच जानेवारींत ग्रांट मेडिकल कॉलेजचे अध्यापक सर्जन-मेजर मॅन्सर हे फुप्फुसाच्या प्लेगानें वारले, आणि त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही त्याच रोगानें गेली. या दोन मृत्यूंचा उल्लेख वैद्यकीय ग्रंथांत येतो तो बहुधा फुप्फुसाचा प्लेग किती संसर्गजन्य आहे याचें उदाहरण म्हणून. मागें राहिलेल्या सहकाऱ्यांनीं दुसऱ्या दिवशीं त्याच खोल्यांत पाय कसा ठेविला असेल, हा प्रश्न ग्रंथकारांच्या कक्षेंतलाच नव्हता. कनिष्ठ नोकरांविषयीं तर याहूनही चमत्कारिक प्रकार आहे. हलालखोर व झाडूवाले शहर सोडून जातील ही धास्ती म्युनिसिपल कमिशनर स्नो यांस होती, आणि आक्टोबरच्या अखेरीस सक्तीचे नियम सौम्य करण्याचें तें एक कारण होतें. म्हणजे त्या माणसांचें भय दफ्तरांत शिरलें खरें, पण शहराच्या सफाईस असलेला धोका या सदराखालीं. आम्ही वर म्हटलेलें दुसरें सदर तें हें.

मुंबईच्या प्लेगाचा एक धागा थेट व्हिएन्ना शहरापर्यंत जातो. १८९७ सालीं ऑस्ट्रियाहून एक वैद्यकीय मंडळ मुंबईस आलें होतें. त्यांत डॉ. हेरमान म्यूलर व डॉ. रूडोल्फ प्योख हे होते, आणि आर्थर रोडच्या रुग्णालयांत त्यांनीं रोग्यांची पाहणी केली. परत जातांना प्लेगाचे जंतु अभ्यासासाठीं नेले गेले. आक्टोबर १८९८ मध्यें व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेंतील बारिश नांवाच्या नोकरास त्या जंतूंपासून प्लेग झाला व तो १८ तारखेस मरण पावला. त्याची चिकित्सा म्यूलर यांनीं केली होती. मुंबईस शेंकडों रोगी पाहून जो मनुष्य सुखरूप परतला, त्याला घरीं एका रोग्यानें गांठलें. आपणांस काय झालें आहे हें त्यांनीं स्वतःच ओळखलें आणि स्वतःस खोलींत कोंडून घेतलें. तत्कालीन वृत्तान्त असें सांगतात कीं, आईबापांस निरोपाचें पत्र लिहून त्यांनीं तें खिडकीच्या कांचेस आंतून लाविलें. बाहेरच्यांनीं नक्कल करून घेतली, आणि कागदास रोग चिकटून बाहेर जाऊं नये म्हणून अस्सल त्यांनीं स्वहस्तें जाळलें. २३ आक्टोबरला ते वारले. आल्बिना पेखा ही परिचारिकाही त्याच महिन्यांत गेली. प्योख यांनीं म्यूलर यांची शुश्रूषा केली आणि ते वांचले. पुढें मानववंशशास्त्रांत त्यांनीं नांव मिळविलें.

अस्सल नाहीं म्हणून नकलेस कमी लेखण्याची आम्हां संग्राहकांस खोड आहे. येथें अस्सल नसणें हाच पुराव्याचा मुख्य भाग आहे. मरणाच्या दारीं बसून आपल्या आईच्या हातीं आपला कागद पडूं नये याची तजवीज करणाऱ्या माणसाचें मन, त्या पत्रांत काय लिहिलें होतें त्याहून, तें जाळण्यांत अधिक स्पष्ट दिसतें.

पुण्यांतील उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं प्लेगाच्या रोग्यांची सेवा करतां करतांच त्या रोगानें वारल्या. डॉक्टर असलेले त्यांचे दत्तक पुत्र यशवंत हेही त्या कामांत होते. सावित्रीबाईंचीं जोतीरावांस लिहिलेलीं तीन पत्रें प्रसिद्ध आहेत. त्यांतलें शेवटचें १८७७ चें असून त्यांत दुष्काळपीडितांची हकीकत आहे. दुष्काळांत पाहिलेलें दुःख त्यांनीं पतीस लिहून कळविलें. प्लेगाच्या वेळीं तसें लिहावें तर जोतीराव १८९० सालींच निवर्तले होते. पत्र नसण्याचीं कारणें शोधतांना लेखकाकडेच पाहून भागत नाहीं. तें वाचणारा मागें उरला होता कीं नाहीं हेंही पाहिलें पाहिजे.

यावरून संग्राहकांस दोनतीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. रुग्णालयाच्या हजेरीपटांत कोण कोणत्या दिवसापासून आला नाहीं व पुन्हां केव्हां आला, हें त्या शहरांतील मृत्यूंच्या आंकड्यांशीं ताडून पाहावें. रजेचे व बदलीचे अर्ज रद्दी म्हणून टाकूं नयेत. ‘प्रकृति ठीक नाहीं’ एवढ्या शब्दांत पुष्कळ कांहीं दडलेलें असतें. डॉक्टर, कंपाउंडर यांच्या घराण्यांतील मोडी पत्रांचे रुमाल सोडतांना १८९६ ते १९०० या वर्षांचीं पत्रें निराळीं काढावींत. साथ चालू असतां लिहिलेला कागद आणि वीस वर्षांनीं लिहिलेली आठवण यांची गल्लत होऊं देऊं नये. आठवणींत भय ओसरलेलें असतें व कर्तव्य वाढलेलें असतें. वर्तमानपत्रांतील गौरवलेख तर शेवटीं वाचावेत.

कायद्याचे कागदही या कामीं बोलके आहेत. प्लेगासाठीं ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमानें कायद्यान्वयें काम करणारांस दाव्यांपासून संरक्षण दिलें, दगडांपासून नव्हे. आर्थर रोडचा हल्ला होऊन तेव्हां पुरते चार महिनेही झाले नव्हते. तोच कायदा १२३ वर्षांनीं, २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमानें, दुरुस्त झाला आणि साथींत वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हात टाकणें हा दखलपात्र व बिनजामिनी गुन्हा ठरला. कोविडमध्यें मे २०२१ पर्यंत जगांत ८० हजार ते १ लक्ष ८० हजार आरोग्यकर्मचारी मेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांनीं घरीं पाठविलेला मजकूर बहुधा कागदावर नव्हताच, तो भ्रमणध्वनींत होता, आणि यंत्र बदललें कीं तो जातो. ज्यांच्या ओळखीच्या घरांत असा मजकूर असेल त्यांनीं घरच्यांच्या संमतीनें, रोग्यांचीं नांवें गाळून, तारीखवार नकला करून ठेवाव्यात आणि नक्कल कोणीं व केव्हां केली तेंही त्याखालीं लिहावें.