खासगी बाजार ग्वाल्हेरात कसा आला? शिंदे-होळकरांच्या वैराची गोष्ट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात खासगी बाजार आहे. ‘खासगी’ हा मराठी दरबारातला शब्द. राज्याच्या दौलतीपासून वेगळं ठेवलेलं राजघराण्याचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे खासगी. इंदूरच्या होळकरांकडेही खासगी होतीच. शब्द एक, दरबारी रीत एक, पण दोन्ही घराण्यांचं कधी जमलं नाही.

भांडण होतं उत्तरेत मराठ्यांचा पुढारी कोण, याचं. 1793 मध्ये लाखेरीला शिंद्यांनी होळकरांना हरवलं. 1797 मध्ये पुण्यात शिंद्यांच्या फौजेनं दुसऱ्या मल्हाररावाला मारलं. त्याचा भाऊ यशवंतराव हे विसरणार कसा? 1802 मध्ये हडपसरला त्यानं शिंदे आणि पेशवा दोघांच्या फौजा मोडल्या. बाजीराव वसईला पळाला आणि 31 डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला.

खरी चूक पुढची. 1803 मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर बाजूला राहिला. असईला शिंदे हरले. 1804 मध्ये होळकर लढला, तेव्हा शिंदे तह करून मोकळे झाले होते. 1805 मध्ये दोघांच्या छावण्या सबळगडला एकत्र आल्या खऱ्या, पण फार उशिरा.

गंमत म्हणजे याच सुमारास जर्मनीतही अगदी हेच चाललं होतं. जर्मन मुलखात मोठं कोण, यावरून ऑस्ट्रिया आणि प्रशियाची चुरस. 1805 मध्ये नेपोलियननं ऑस्टरलिट्झला ऑस्ट्रियाला झोडपलं, प्रशिया गप्प. पुढच्याच वर्षी येनाला प्रशियाची पाळी आली, तीही एकट्याची. फरक इतकाच, की त्यांना पुढं सावरायला वेळ मिळाला. 1866 मध्ये प्रशियानं ऑस्ट्रियाला हरवून तो वाद कायमचा मिटवला.

इकडं इंग्रजांनी नोव्हेंबर 1805 मध्ये शिंद्यांशी वेगळा तह केला आणि ग्वाल्हेरचा किल्ला परत दिला. होळकर एकटा पडला. महिन्याभरात, 24 डिसेंबरला, त्यालाही राजघाटचा तह करावा लागला. म्हणजे किल्ला हाती आला तो होळकराची साथ सोडून. त्याच किल्ल्याखाली 1810 मध्ये दौलतरावांची छावणी पडली, तेच आजचं लष्कर, आणि त्यातच हा बाजार.

1818 मध्ये मंदसोरच्या तहानं होळकरांचं परस्पर राजकारणच बंद झालं. मग चुरस उरली मानाची: शिंद्यांना 21 तोफांची सलामी, होळकरांना 19. आपल्या हद्दीत मात्र होळकरांनाही 21.