‘मुकुट’ म्हणजे नेमका कोणता? बायबलमधल्या एका शब्दाचा माग

प्रतीकांचा अभ्यास हा विषय संशोधनाची तयारी करणाऱ्यांना बऱ्याचदा सोपा वाटतो. एखादी वस्तू घ्यायची, चार ग्रंथांतले उल्लेख गोळा करायचे, त्यांना एक अर्थ द्यायचा, की झालं प्रकरण तयार! पण व्हायव्हाला परीक्षकांनी विचारलं, “हा अर्थ त्या काळच्या लोकांच्या मनात होता हे कशावरून?” तर काय उत्तर द्याल? मी विज्ञान शाखेतून आल्यामुळे मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत तपासू.

एक मराठी शब्द, दोन ग्रीक शब्द

मराठी बायबलमध्ये येशूच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट आहे, आणि शेवटपर्यंत टिकून राहणाऱ्याला जीवनाचा मुकुट मिळणार आहे. मुकुट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोन्याचा, रत्नं जडवलेला, राजाचा मुकुट येतो. पण मूळ ग्रीक नव्या करारात यासाठी प्रामुख्याने दोन वेगळे शब्द आहेत.

पहिला शब्द स्तेफानोस. पानं, फुलं किंवा डहाळ्या गोल वळवून केलेलं, डोक्यावर घालायचं कडं. खेळातला विजेता, मेजवानीचा पाहुणा, यज्ञबळी अर्पण करणारा असे अनेक जण ते घालत. दुसरा शब्द दियादेमा. ही डोक्याभोवती बांधून मागे गाठ मारायची कापडी पट्टी. अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजांचं हे राजचिन्ह होतं.

आता मोजणी करू. नव्या करारात स्तेफानोस हे नाम १८ वेळा येतं. दियादेमा फक्त ३ वेळा, आणि तेही एकाच पुस्तकात, प्रकटीकरणात (अध्याय १२, १३ आणि १९). म्हणजे मराठीत आपण जिथे ‘मुकुट’ वाचतो, तिथे मुळात बहुतेक वेळा पानाफुलांच्या कड्याचा शब्द आहे.

वाळलेली सेलरी आणि पौलाचं पत्र

या फरकाने अर्थ किती बदलतो, ते करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (९:२४-२५) दिसतं. पौल म्हणतो की धावणारे नाशवंत स्तेफानोससाठी संयम पाळतात, आपण मात्र अविनाशी स्तेफानोससाठी तो पाळतो. तिथे सोन्याचा मुकुट डोळ्यांपुढे ठेवला तर ‘नाशवंत’ हा शब्द अडखळतो. सोनं कुठे कुजतं?

करिंथजवळ इस्थमिया इथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. ऑलिंपियात विजेत्याला रानटी ऑलिव्हच्या डहाळीचं कडं मिळे, डेल्फीत लॉरेलचं, नेमियात ताज्या सेलरीचं. इस्थमियात पाइन आणि सेलरी या दोन्हींचे उल्लेख आहेत. मूळ वनस्पती कोणती, यावर प्लुटार्कने मेजवानीतल्या गप्पांच्या रूपात एक सबंध चर्चा लिहून ठेवली आहे. आणि इस्थमियाची सेलरी वाळलेली असे, अशी नोंद पिंडारच्या काव्यावरच्या जुन्या टीकेत सापडते. म्हणजे ज्या बक्षिसासाठी खेळाडू जिवाचं रान करत, ते हातात पडतानाच सुकलेलं असू शकत होतं. करिंथच्या वाचकाला ‘नाशवंत’ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागला नसणार. पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:४) तर कधीही न कोमेजणाऱ्या स्तेफानोसचा उल्लेख आहे. कोमेजणं हा वनस्पतीचा गुण आहे, धातूचा नव्हे.

आता स्वतःचंच गृहीतक मोडून पाहा

इथवर आलं की एक छान वाक्य सुचतं: ‘स्तेफानोस म्हणजे विजय, दियादेमा म्हणजे राजसत्ता.’ अनेक लेखांत हे वाक्य भेटतं. पण थांबा. याविरुद्ध जाणारे पुरावे मुद्दाम शोधायला हवेत, आणि ते आहेत.

प्रकटीकरण १४:१४ मध्ये मेघावर बसलेल्या, मनुष्याच्या पुत्रासारख्या व्यक्तीच्या डोक्यावर सोन्याचा स्तेफानोस आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, २ शमुवेल १२:३० मध्ये, दावीद जिंकून घेतो त्या सोन्याच्या राजमुकुटालाही स्तेफानोसच म्हटलं आहे. शिवाय १९७७ साली व्हर्जिना इथल्या मॅसिडोनियन राजथडग्यात सोन्याच्या ओक पानांचं कडं सापडलं. म्हणजे ‘पानांचं ते साधं, सोन्याचं ते राजाचं’ ही विभागणीही टिकत नाही.

सगळ्यात मोठी अडचण काट्यांच्या मुकुटाची. मत्तय, मार्क आणि योहान या तिघांनी तिथे स्तेफानोस हाच शब्द वापरला आहे (लूकच्या शुभवर्तमानात हा मुकुट नाही). पण तिथे खेळ नाही, शर्यत नाही. सैनिक येशूला राजवस्त्र घालून ‘यहूद्यांचा राजा’ म्हणून चिडवत आहेत. मग राजाच्या थट्टेसाठी विजेत्याचं कडं कसं?

उत्तर रोममध्ये आहे. इ.स.पू. ४४ मध्ये लुपरकालिया सणात मार्क अँटनीने ज्युलियस सीझरपुढे दियादेमा धरला. सीझरने तो नाकारला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॉरेलचं कडं मात्र सीझर एरवीही घालत असे, त्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. रोमन लोकांना राजेपद नको होतं, त्यामुळे राजाची पट्टी खटकत होती आणि विजेत्याची पानं चालत होती. परिणाम असा झाला की पुढच्या सम्राटांनी पानंच डोक्यावर ठेवली. येशूच्या काळातल्या तिबेरियस सम्राटाच्या चांदीच्या नाण्यांवरही त्याच्या डोक्यावर लॉरेलचं कडं दिसतं. रोमन सैनिकाच्या रोजच्या पाहण्यातलं सत्ताधाऱ्याचं डोकं असं होतं. लॉरेलच्या जागी काटे वळवले की थट्टा पूर्ण झाली.

म्हणजे आपलं पहिलं वाक्य पूर्ण खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. सुधारलेलं वाक्य असं: स्तेफानोस हे मुळात मिळवलेल्या मानाचं चिन्ह, पण रोमन काळात तेच सत्तेचंही चिन्ह बनलं होतं. कुठे कोणता अर्थ, हे प्रसंगावरून ठरतं.

नाव म्हणजे पुरावा नव्हे

‘ते काटे कोणत्या झाडाचे?’ हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हमखास पडतो. इंटरनेटवर उत्तर मिळतं: झिझिफस स्पायना-क्रिस्टी, म्हणजे आपल्या बोरीच्याच प्रजातीतलं झाड. नावातच ‘ख्रिस्ताचा काटा’ आहे! पण पॅलियुरस स्पायना-क्रिस्टी नावाचं दुसरंही झाड आहे. आणि आपल्याकडे कुंड्यांत दिसणारं, ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ म्हणून विकलं जाणारं युफोर्बिया तर मूळचं मादागास्करचं. ही सगळी नावं फार उशिराची आहेत. शुभवर्तमानांत ‘काटे’ एवढाच साधारण शब्द आहे, त्यातून जात ठरवता येत नाही.

हीच काळजी प्रथांबाबत घ्या. नाताळाआधी चार रविवारी मेणबत्त्या लावतात ते अ‍ॅडव्हेंटचं कडं बायबलमध्ये नाही. त्याचं आजचं रूप योहान विखर्न यांनी १८३९ साली हँबुर्गमध्ये गाडीच्या चाकावर लावलेल्या मेणबत्त्यांशी जोडलं जातं. उलट इ.स. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तेर्तुलियनने ख्रिस्ती माणसाने डोक्यावर असं कडं घालूच नये, म्हणून स्वतंत्र पुस्तक लिहिलं. निमित्त होतं लॉरेलचं कडं घालायला नकार देणाऱ्या एका सैनिकाचं. गोव्यात २४ जूनला सांजावला डोक्यावर घालतात ते पानाफुलांचं कोपेलही कड्यासारखंच दिसतं. पण दिसण्यातलं साम्य बघून त्याची मुळं थेट इस्थमियात नेऊ नका. मधल्या प्रत्येक टप्प्याचा पुरावा हवा.

तुमच्या आराखड्यासाठी

विषय कोणताही असो, सिनॉप्सिस लिहिण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर मांडा:

१. मी वाचतोय तो शब्द मूळ भाषेत कोणता आहे, आणि तो किती वेळा येतो?
२. त्या काळी ती वस्तू प्रत्यक्षात कशाची होती, कोण वापरत होतं?
३. माझ्या अर्थाविरुद्ध जाणारी निदान दोन उदाहरणं कोणती?
४. मी नंतरचं नाव किंवा प्रथा आधीच्या काळात ढकलतोय का?

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि व्हायव्हाला नेमका तोच विचारला जातो. स्तेफानोसच्या बाबतीत त्याच प्रश्नाने आपल्याला शब्दकोशातून उठवून नाण्यांपर्यंत नेलं. तुमच्या विषयात तो कुठे नेतो, ते आराखडा जमा करण्याआधीच पाहून घ्या.