आळंदीची कार्तिकी

पुनावळ्याहून आळंदी पंचवीसेक किलोमीटर. वाटेत रावेत, आकुर्डी, भोसरीचे कारखाने. पुनावळे १९९७ साली महापालिकेत आलं आणि हिंजवडीच्या नोकऱ्यांमागे इथे इमारती उभ्या राहिल्या. तरी या पट्ट्यातल्या जुन्या गावठाणांत हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला. गायिका कार्तिकी गायकवाडचं गाणं समजून घ्यायचं तर टीव्हीच्या आधी या मांडवाकडे पाहावं लागतं.

फेब्रुवारी २००९मध्ये झी मराठीच्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ची अंतिम फेरी झाली. पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आळंदीची कार्तिकी. पल्लवी जोशींचं निवेदन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, वाद्यवृंद कमलेश भडकमकरांचा. कौल मोबाइलच्या एसएमएसचा होता. कार्तिकी जिंकली आणि घराघरांत वाद पेटला. आर्याच जिंकायला हवी होती, असं म्हणणारे आजही भेटतात. सुरांच्या नितळपणाचा निकष लावला तर त्यांचं म्हणणं मला समजतं. पण कार्तिकीच्या खुल्या, उंच पट्टीतल्या आवाजात समोरच्या गर्दीला सामील करून घेण्याची जी ताकद होती, ती शाळकरी मुलीत क्वचित दिसते. वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक-संगीतकार. अभंग आणि गवळण तिच्या कानावर घरातच पडत होती.

आळंदीत हे शिक्षण हवेतच आहे. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. आळंदीत शिकून बाहेर पडलेली मुलं आज गावोगावच्या कीर्तनांत टाळ धरून उभी राहतात, मृदंग वाजवतात, बुवांच्या मागे चाली म्हणतात. मात्र गायनाचार्यांच्या त्या रांगेत मुलगी अजूनही अपवादानेच दिसते. महिला कीर्तनकार वाढल्या, मागे उभं राहून चाल उचलणाऱ्या बायका तेवढ्या वाढल्या नाहीत. म्हणून टीव्हीचं मला मोल वाटतं. रांगेत जी जागा आळंदीच्या मुलीला सहज मिळाली नसती, त्याहून मोठी जागा तिला एका स्पर्धेने मांडवाच्या मधोमध दिली.

पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक विजेत्यासमोर येतो. मुंबईचा अभिजीत सावंत मार्च २००५मध्ये पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला. त्याच वर्षी त्याचा अल्बम आला, प्रचंड गाजलाही. पण कॅसेट-सीडीचा धंदाच तेव्हा ढासळू लागला होता. बक्षीस म्हणून मिळालेली वाटच पुढे बुजत गेली. त्यात गळ्याचा दोष नव्हता. २०२४मध्ये तो ‘बिग बॉस मराठी’त उपविजेता ठरला, म्हणजे लोक त्याला विसरले नव्हते.

लिटिल चॅम्प्सच्या वाटाही वेगळ्या झाल्या. आर्या २०१७च्या ‘ती सध्या काय करते’मध्ये अभिनेत्री म्हणून दिसली. रोहित ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात उपविजेतेपदापर्यंत गेला. कार्तिकीने अभंग, गवळण, भक्तिगीतांचे कार्यक्रम धरून ठेवले, वडिलांच्या चाली गायल्या. चित्रपटाच्या मापाने ही वाट लहान दिसते. ते माप मला मान्य नाही. भक्तिगीताला दर शुक्रवारी नवं यावं लागत नाही. एकादशी, सप्ताह, यात्रा, पुण्यतिथी यांचं पंचांग ठरलेलं असतं, बिदागी गावाच्या वर्गणीतून निघते आणि समोरच्या श्रोत्याला शब्द आधीच पाठ असतात. तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते तेव्हा पाळी संपवून आलेला कामगार टाळ हातात घेतो. त्याच्यासाठी गाणाऱ्याला एसएमएस मागावे लागत नाहीत.

अवघड भाग वेगळाच. लहानपणीचा आवाज लोकांच्या मनात कायमचा बसतो आणि वाढत्या वयात गळा बदलतो. सभागृहातून फर्माईश येते ती लहानपणी गायलेल्या गवळणीची, त्याच पट्टीतली. मोठ्या झालेल्या गायिकेला स्वतःच्याच बालपणाशी तुलना सोसत नव्याने रियाज बांधावा लागतो. जून २०२१मध्ये हे पाचही जण त्याच कार्यक्रमात ज्युरी म्हणून बसले, तेव्हा समोरच्या मुलांना हे सांगू शकतील अशी माणसं प्रथमच त्या खुर्च्यांवर होती. वाहिन्यांनी आता निकालानंतरच्या दोन-तीन वर्षांच्या तालमीचा खर्चही बक्षिसात धरावा, आणि सप्ताह भरवणाऱ्या गावांनी चाल म्हणणाऱ्यांच्या रांगेत मुलींना बोलवायला सुरुवात करावी.